एका मुठीची पाठचिकित्सा

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर प्रीमियर पद्मिनी ही गाडी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून निघून गेली. तेथे टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे, आणि शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झालेली होती. तेव्हा हिशेब सरळच होता. वर्तमानपत्रांनी त्या आठवड्यात पुष्कळ हळहळ व्यक्त केली, छायाचित्रे छापली. परंतु टॅक्सी संपली म्हणजे गाडी संपली असे नव्हे. खाजगी मालकांकडे पद्मिनी अजून आहेत, त्या रविवारी बाहेर निघतात, आणि त्यांच्या दाराच्या काचा हाताने वरखाली कराव्या लागतात. त्यासाठी दाराच्या आतल्या बाजूस एक दांडी असते आणि दांडीच्या टोकाला प्लॅस्टिकची एक लहानशी फिरती मूठ. ही मूठ फुटली तर पुढे काय, एवढाच या लेखाचा विषय आहे.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने, त्यातही मराठी घेऊन बसलेल्या विद्यार्थिनीने, असल्या विषयावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. त्याचा खुलासा पुढे आपोआप होईल. तूर्त एवढेच सांगते की माझे वडील मोटार-मिस्त्री आहेत. आम्ही त्यांना आबा म्हणतो. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले; आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. कोल्हापुरात त्यांचे लहानसे गॅरेज आहे आणि त्यांच्याकडे जुन्या गाड्यांचे चार-पाच मालक नेमाने येतात.

प्रथम गाडीविषयी थोडे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या गाड्या तयार होऊ लागल्या. १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' निघू लागली आणि तीच पुढे १९७४ च्या सुमारास 'प्रीमियर पद्मिनी' झाली. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन, गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खांबावर, आणि सगळे असे की साध्या पान्यांनी उघडावे. २००० च्या सुमारास उत्पादन थांबले. म्हणजे आज जी सर्वांत तरुण पद्मिनी असेल तिचेही वय पंचविशीच्या घरात आहे.

इतकी जुनी गाडी म्हणजे तिच्या इंजिनाचे भाग मिळत नसतील अशी बाहेरच्यांची समजूत असते. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. पिस्टन, रिंगा, गॅस्केट, ब्रेकचे शू हे भाग हजारो टॅक्स्यांना सतत लागत असत, त्यामुळे ते बनविणारे पुष्कळ होते आणि त्यांचा माल अजून शिल्लक सापडतो. मिळत नाहीत ते किरकोळ भाग: काचेच्या दांडीची मूठ, उन्हाच्या झापडीची पकड, आतल्या दिव्याचे झाकण, डॅशबोर्डावरची बटणे. टॅक्सीवाल्याने मूठ फुटली म्हणून कधी धंदा बंद ठेवला नाही. नुसत्या दांडीने काच फिरविली. मागणी नव्हती म्हणून कुणी बनविले नाही, आणि बनविले नाही म्हणून आज मिळत नाही.

मग कुणीतरी पुन्हा बनवावे, असे वाटेल. पण प्लॅस्टिकचा भाग कारखान्यात कसा होतो ते पाहिले पाहिजे. पोलादाचा साचा, ज्याला डाय म्हणतात, तो कोरून घ्यावा लागतो. त्यात वितळलेले प्लॅस्टिक दाबाने भरावयाचे. साचा एकदा झाला की मूठ चार-आठ आण्यांच्या खर्चात पडते, पण साच्याचा खर्च लाखाच्या भाषेत बोलतो. दहा हजार मुठी खपणार असतील तर ठीक. चाळीस मुठींसाठी कोण साचा करील? घरगुती छपाईचे यंत्र येथे उपयोगी पडते, कारण त्याला साचाच लागत नाही. पहिली मूठ आणि शंभरावी मूठ यांचा खर्च एकच. हजारांच्या कामात ते यंत्र निरुपयोगी आहे, एका नगाच्या कामात त्याच्यासारखे दुसरे नाही.

या छपाईची कथा फार जुनी नाही. जपानमध्ये नागोया येथे हिदेओ कोदामा यांनी १९८१ साली, प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवापासून थरावर थर चढवून वस्तू करण्याची रीत मांडली. अमेरिकेत चार्ल्स हल यांना तशाच रीतीचे पेटंट १९८६ साली मिळाले. आपण घरी जे यंत्र पाहतो त्याची रीत निराळी. ती स्कॉट क्रम्प यांची, १९८९ चा अर्ज आणि १९९२ चे पेटंट. इंग्लंडातील बाथ विद्यापीठाचे एड्रियन बोयर यांनी २००५ मध्ये असे यंत्र कुणालाही स्वतः बांधता यावे म्हणून त्याचे आराखडे खुले ठेवण्याचा उपक्रम सुरू केला, आणि २००९ मध्ये क्रम्प यांच्या पेटंटची मुदत संपली. या दोन गोष्टींमुळे जे यंत्र पूर्वी मोठ्या कंपन्यांच्याच आवारात होते ते आज पंधरा-वीस हजारांपासून मिळते. माझा आत्येभाऊ पॉलिटेक्निकला आहे; त्याने मित्रांबरोबर वर्गणी काढून एक घेतले, आणि ते सध्या आमच्या आत्याच्या माडीवर असते.

यंत्राचे काम समजावयास सोपे आहे. दिवाळीत आई सोऱ्यातून चकली पाडते ते आठवावे. पावणेदोन मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची तार एका तापलेल्या नळीत ढकलली जाते, ४ दशांश मिलिमीटरच्या भोकातून पातळ धार होऊन बाहेर येते, आणि यंत्र ती ठरल्या वाटेने फिरवीत एक थर घालते. मग दुसरा. थराची उंची साधारण २ दशांश मिलिमीटर. तेव्हा तीन सेंटिमीटर उंचीची मूठ म्हणजे दीडशे चकल्या एकावर एक. किलोभर तारेचे रीळ हजार रुपयांच्या आसपास पडते आणि एका मुठीला दहा-बारा ग्रॅम पुरतात.

खरे काम छपाईच्या आधीचे आहे. यंत्राला आकृती द्यावी लागते. ती कुठून आणावयाची?

येथे स्कॅनिंग येते. स्कॅनर वस्तूवर प्रकाशाचे पट्टे टाकतो, कॅमेरा ते पट्टे कसे वाकले ते पाहतो, आणि त्रिकोणमितीने प्रत्येक बिंदूचे अंतर काढतो. असे लाखो बिंदू मिळाले की ते तीन-तीन जोडून त्रिकोणांचे एक जाळे तयार होते आणि ते जाळे म्हणजे वस्तूचे बाह्यांग. ज्याच्याकडे स्कॅनर नाही त्याने मोबाइलने सर्व बाजूंनी साठ-सत्तर छायाचित्रे काढावीत; संगणक त्यांतूनही जाळे विणतो, मात्र आकारमान कळण्यासाठी शेजारी एक फूटपट्टी ठेवावी लागते. काळी आणि चकचकीत वस्तू स्कॅनरला दिसत नाही. प्रकाश परत येत नाही किंवा भलतीकडे जातो. त्यावर उपाय म्हणजे पांढऱ्या भुकटीचा अगदी पातळ लेप. ओतकामातील भेगा तपासण्यासाठी फवाऱ्याचा जो पांढरा डबा वापरतात तो आमच्या उद्यमनगरात कुठेही मिळतो आणि या कामाला उत्तम चालतो.

एवढे केल्यावर हुबेहूब प्रत मिळते, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. स्कॅनर जे आहे ते टिपतो. जे होते ते त्याला ठाऊक नसते. तीस वर्षे बोटांनी घासलेली, उन्हाने आक्रसलेली, एका बाजूने टवका गेलेली मूठ स्कॅन केली तर छापून येते ती घासलेली, आक्रसलेली, टवका गेलेली मूठच. रोग्याबरोबर रोगाचीही नक्कल होते.

आबांनी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या भंगार बाजारातून वेळोवेळी आणलेल्या तीन मुठी आमच्याकडे होत्या आणि गिऱ्हाइकाच्या गाडीवरची चौथी. मी आणि आत्येभाऊ त्यांची मापे कागदावर मांडून बसलो होतो. आबांनी चष्मा पुसला, कागद पाहिला आणि विचारले, "चार मुठी, चार मापं. ह्यातली खरी कुठली धरतीस, पोरी?"

हा प्रश्न मी ऐकलेला होता. तो आमच्या वर्गात पाठचिकित्सेच्या तासाला येतो. एका ग्रंथाच्या अनेक हस्तलिखित पोथ्या असतात, मूळ प्रत कुणापाशीच नसते, आणि प्रत्येक पोथीत निरनिराळ्या ठिकाणी बिघाड असतो. मग मूळ पाठ कोणता मानावयाचा? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली आणि १९६६ साली पुरी केली, ती याच प्रश्नाशी झगडत. विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्यानंतरचे संपादक कोणत्याही एका पोथीवर विसंबले नाहीत. शारदा, देवनागरी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतील पोथ्या त्यांनी शेजारी शेजारी ठेवल्या. दूरदूरच्या प्रांतांतील, एकमेकींवरून न उतरलेल्या पोथ्या जेथे एकच शब्द देतात तेथे तो शब्द जुना असण्याचा संभव मोठा.

मुठींनाही हेच लागू पडते, थोड्या फरकाने. सर्व साक्षीदार सारखे विश्वसनीय नसतात. चालकाच्या दाराची मूठ सर्वांत जास्त फिरते, म्हणून सर्वांत जास्त झिजते. मागच्या डाव्या दाराची सहसा कुणी फिरवीत नाही. तिचा बाहेरचा घेर अधिक भरवशाचा. मात्र ती बाजू वर्षानुवर्षे उन्हात उभी असेल तर तिचे प्लॅस्टिक वाकलेले असावयाचे, तेव्हा तिच्या सरळपणावर विश्वास टाकू नये. आतले भोक ऊन पाहत नाही, पण रिव्हेटवर फिरून मोठे होते. बाहेरचा पृष्ठभाग झिजून नेहमी लहान होतो आणि भोक झिजून नेहमी मोठे होते, म्हणून बाहेरच्या मापात सर्वांत मोठा आकडा आणि भोकाच्या मापात सर्वांत लहान आकडा मूळाच्या जवळचा. चौघींची सरासरी काढणे ही त्यातली सर्वांत वाईट युक्ती. आमच्या चार मुठींपैकी एकीचा घेर सगळीकडेच थोडा कमी होता आणि तिच्या तळाशी जोडाची रेघ भलत्या जागी होती. आबा म्हणाले, ही कंपनीची नव्हे, कुणीतरी जुन्या मुठीवरून साचा करून पाडलेली. म्हणजे नकलेची नक्कल. पोथ्यांच्या भाषेत तिला स्वतंत्र साक्षीदार म्हणता येत नाही, म्हणून तिला बाजूला ठेवले.

आणखी एक आधार आहे. गाडी इटलीत जन्मली. आराखडा करणाऱ्याने मिलिमीटरांत विचार केलेला असणार आणि शक्यतो पूर्णांक लिहिले असणार. एखादे माप ५.९ च्या किंचित वर येत असेल तर मूळ कागदावर ६ असावा असा तर्क करता येतो. हा तर्क आहे, पुरावा नव्हे, आणि तो वहीत तर्क म्हणूनच लिहून ठेवावा लागतो.

म्हणून स्कॅनचे जाळे आम्ही तसेच छापत नाही. ते संगणकावर खाली अंथरतो आणि त्यावर नवी, स्वच्छ आकृती काढतो. मापे व्हर्नियरने घेतलेली, स्कॅनचा उपयोग वळणे कळण्यापुरता. घरगुती स्कॅनर मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास अचूक असतो. वळणाला ते पुरते, भोकाला पुरत नाही, शिवाय खोल भोकात त्याला दिसतच नाही. झापडीच्या पकडीसारखा भाग असेल तर आणखी एक सोय आहे. चालकाकडची पकड मोडलेली असते आणि डावीकडची बहुधा शाबूत. डावीची आकृती काढून संगणकात आरशातल्याप्रमाणे उलटवली की उजवी तयार होते. ही गोष्ट हातकारागिराला फार जड जाते आणि संगणकाला मुळीच जात नाही.

कुणी म्हणेल, गोल मूठ तर लेथवरही होईल. अगदी खरे. आमच्या शेजारी एक टर्नरकाका होते. आबा त्यांच्याकडून नायलॉनच्या सळईतून मुठी आणि बुश कातून घेत असत, आणि त्यांच्या बुशाची बरोबरी छापलेला बुश करीत नाही, हे मी या यंत्राची बाजू घेणारी असूनही लिहिते. पण त्यांचा मुलगा या धंद्यात आला नाही, नजर अधू झाली आणि २०२२ साली त्यांनी लेथ विकला. एका मुठीसाठी मशीन लावावयास मोठी वर्कशॉपे तयार नसतात. त्यात त्यांचा दोष नाही.

आता कच्च्या मालाचे. सर्वांत स्वस्त आणि छापावयास सोपी तार पीएलएची. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून होते. ती साठ अंश सेल्सिअसच्या सुमारास मऊ पडते. आपल्याकडे एप्रिलात बंद गाडी उन्हात ठेवली तर डॅशबोर्ड सत्तरीच्या पुढे सहज जातो. तेव्हा पीएलएची मूठ फक्त माप बसते की नाही हे पाहण्यापुरती. गाडीत राहावयाची वस्तू एबीएसची हवी. ती शंभर अंशांपर्यंत टिकते. पण एबीएस थंड होताना आकसते, कोपरे उचलले जातात, म्हणून यंत्राभोवती पेटी लागते. आणि छापताना निघणारी वाफ नाकाला चांगली नव्हे, खिडकी उघडी ठेवावीच. गाडीच्या बाहेर लागणाऱ्या भागाला एएसए ही तिची बहीण बरी, कारण ऊन तिला लवकर ठिसूळ करीत नाही. भोके नेहमी आकृतीपेक्षा थोडी लहान छापली जातात. म्हणून आधी निरनिराळ्या मापांच्या चकत्या छापून कोणती सरकते ते पाहावे आणि मग मूठ.

थरांची दिशा हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. लाकूड जसे धाग्याच्या बाजूने चिरते तशी छापलेली वस्तू दोन थरांच्या मधून सुटते. पकडीचा आकडा उभा छापला तर पहिल्या झटक्याला मोडेल, आडवा छापला तर वर्षानुवर्षे टिकेल; आकृती तीच, प्लॅस्टिक तेच.

प्लॅस्टिकने भागत नसेल तेथे छापलेली वस्तू हा शेवट नसून सुरुवात असते, आणि येथे कोल्हापूरकरांना फार दूर जावे लागत नाही. अमेरिकेतील जुन्या मोटारींचे संग्राहक जे लेनो यांच्याकडे १९०७ ची वाफेवर चालणारी व्हाइट कंपनीची गाडी आहे. तिच्या पाणी तापविणाऱ्या भागाचे ओतीव झिजून गेले होते. २००९ च्या सुमारास त्यांनी तो भाग स्कॅन केला, संगणकावर दुरुस्त केला, प्लॅस्टिकमध्ये छापला, आणि त्या प्लॅस्टिकवरून धातूचे ओतीव करविले. हेच काम आमच्या शिवाजी उद्यमनगराच्या आसपासच्या फाउंड्रीत होते. पूर्वी ओतकामाचा पॅटर्न सागवानी लाकडाचा करीत. आता छापलेला पॅटर्न वाळूत दाबला तरी चालतो. मात्र ॲल्युमिनियम थिजताना शेकडा सव्वा ते दीड इतके आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा हवा: १०० मिलिमीटरचा भाग हवा असेल तर पॅटर्न १०१.३ चा. बाजूंना दोन अंशांचा उतार हवा, नाहीतर तो वाळूतून निघताना कडा घेऊन येतो. ही विद्या आबांना तोंडपाठ होती. मी ती संगणकात आकड्यांनी भरली, एवढाच माझा वाटा.

काय छापू नये हेही सांगितले पाहिजे. ब्रेक, स्टिअरिंग, चाकाची जोडणी, पेट्रोलची वाट: यांना हात लावावयाचा नाही. पोर्शे कंपनीने २०१८ साली आपल्या जुन्या ९५९ या गाडीसाठी क्लचची एक दांडी छापावयास घेतली. त्या गाड्या मुळात २९२ च झालेल्या. तो भाग पोलादाच्या भुकटीचे थर लेसरने वितळवून केला, त्यावर सुमारे तीन टनांचा दाब देऊन पाहिला, आतून चिरा नाहीत हे तपासले. आत्याच्या माडीवर यातले काही नाही. ज्याची परीक्षा घेता येत नाही त्यावर माणसे बसवावयाची नाहीत, हा आबांचा नियम आहे आणि त्यांनी तो एका चांगल्या गिऱ्हाइकाला तोंडावर सांगून ते गिऱ्हाईक घालविले आहे.

पैशाचा प्रश्न अवघड आहे. माल दहा-बारा रुपयांचा, वीज थोडी, वेळ तास-दीड तास. पण आकृती काढावयास चार संध्याकाळी जातात. आबा एका मुठीचे दीडशे रुपये सांगतात, आणि गिऱ्हाईक विचारते, दहा रुपयांच्या प्लॅस्टिकचे दीडशे कसे? टर्नरकाकांना असे कुणी विचारीत नसे, कारण त्यांचे कष्ट उभ्याने दिसत. माझे बसून होतात. आणखी वर्षभराने मी पदवीधर होईन, आणि मुलगी शिकून शेवटी गॅरेजच्याच कामाला लागली असे लोक म्हणतील ही आबांची चिंता वेगळी. ते मला माप विचारतात, पण गिऱ्हाईक आले की "तू आत जा, अभ्यास कर" म्हणतात.

कायद्याचे विचारणारे भेटतात. आपल्या २००० च्या डिझाइन कायद्याप्रमाणे नोंदविलेल्या आकाराला दहा वर्षे आणि वाढवून आणखी पाच, असे पंधरा वर्षे संरक्षण असते. साठ-सत्तरच्या दशकातील मुठीच्या आकारावर आता कुणाचा हक्क उरलेला नाही. नाव आणि बोधचिन्ह यांचे तसे नाही. त्यांची नोंदणी दर दहा वर्षांनी नवी करता येते. म्हणून बॉनेटवरची अक्षरे छापून द्या असे कुणी म्हटले तर आम्ही नाही म्हणतो. आणि प्रत्येक मुठीच्या पोटात, बसविल्यावर दिसणार नाही अशा जागी, छापल्याचे साल उठवतो. चिकित्सक आवृत्तीत संपादकाने स्वतः घातलेला शब्द वेगळ्या खुणेने दाखवितात, तसेच हे. पुढेमागे गाडी विकली गेली तर घेणाऱ्याला कोणती मूठ कुर्ल्याची आणि कोणती माडीवरची हे कळले पाहिजे.

मागच्या दिव्याची तांबडी काच मात्र अजून आम्हाला साधलेली नाही. घरगुती यंत्राचे थर प्रकाश फोडतात, त्यातून पारदर्शक वस्तू निघत नाही. छापून, घासून, त्यावरून सिलिकॉनचा साचा करून तांबडे रेझिन ओतता येते. पण साधे रेझिन उन्हाने रंग बदलते, आणि मागच्या गाडीवाल्याला ब्रेक दिसला नाही तर तो भाग किरकोळ राहत नाही. त्या काचेसाठी आबा पुढच्या महिन्यात पुन्हा कुर्ल्याला जाणार आहेत. या खेपेस ते माझा व्हर्नियर बरोबर नेणार आहेत.